अ‍ॅओर्टाचं डिसेक्शन आणि माझं ‘साधंसं’ ऑपरेशन

“ओपन नाही ना करावं लागलं? मग सुटलीस बाई.” हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही. छाती उघडली नाही, जांघेतून एक नळी आत गेली आणि काम झालं, असं बाहेरून दिसतं खरं. पण त्या नळीच्या आधी काय काय होतं आणि नंतर काय काय शिल्लक राहतं ते मला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून महाधमनीचं डिसेक्शन, म्हणजे तिच्या भिंतीचा आतला थर फाटणं, आणि त्यावरचं हे ऑपरेशन सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, जे माझ्यावर झालं आणि जे मी खोदून खोदून विचारलं तेवढंच इथे आहे.

आधी दुखणं. मला बीपी बऱ्याच वर्षांपासून आहे, गोळ्या चालू होत्या. उभ्या उभ्या दोन खांद्यांच्या मधे पाठीत एकदम काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. हळूहळू वाढलं वगैरे काही नाही, पहिल्या क्षणीच पूर्ण जोर. मग ते दुखणं पाठीतून खाली कमरेकडे सरकायला लागलं, दरदरून घाम, मळमळ, आणि एका जागी ना बसवत होतं ना झोपवत होतं. अचानक सुरू होणं, सुरुवातीलाच टोकाला असणं आणि मग जागा बदलणं, या तीन गोष्टी सांगितल्या की अनुभवी डॉक्टरांचे कान टवकारतात हे मला नंतर कळलं, तेव्हा आपलं एकच चालू होतं, हार्ट अटॅक हार्ट अटॅक.

इमर्जन्सीत ईसीजी काढला, ठीक. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी, ठीक. बीपी वरचं २०० च्या पुढे. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने (मुलगीच म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची होती) दुसऱ्या हाताचंही बीपी घेतलं, ते बरंच कमी आलं, मग दोन्ही जांघांतली नाडी चाचपली आणि म्हणाली, काकू, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून डाय नावाचं द्रव सोडून काढलेलं सीटी) करायचं, आत्ताच. दोन्ही हातांच्या वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक आला की महाधमनीचा संशय घेतात. यात एक गोष्ट मला अजूनही अंगावर काटा आणते, की हार्टचंच असेल असं धरून कोणी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन टोचलं असतं तर, कारण फाटलेल्या धमनीत ते औषध म्हणजे मरणाला आमंत्रण. बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला बांधायला किती वेळ लागतो, सांगा.

आता नेमकं काय फाटतं ते. महाधमनी म्हणजे अ‍ॅओर्टा, हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद, आधी वर जाते, मानेच्या खाली कमान करून वळते आणि मग मणक्याच्या शेजारून पोटापर्यंत उतरते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आतला थर एका जागी चिरतो आणि रक्त मधल्या थरात घुसून थर सोलत सोलत पुढे जातं. मला पटलं ते असं, की कोटाचं अस्तर बाहीपाशी उसवलेलं असलं की हात बाहीत जायच्या ऐवजी अस्तर आणि कापडाच्या मधे जातो, तसं रक्ताचं होतं. म्हणजे एका नळीच्या दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी, डॉक्टर त्यांना ट्रू लुमेन आणि फॉल्स लुमेन म्हणतात. खोट्या वाटेत रक्त शिरतं पण धड बाहेर पडत नाही, मग ती फुगते आणि खरी वाट दाबली जाते, आणि बाहेर उरलेला भिंतीचा पातळ थर सगळा जोर सहन करत बसतो.

चीर कुठे आहे यावर सगळं अवलंबून. हृदयातून वर जाणाऱ्या भागात असेल तर टाइप ए, त्यात थांबायचं नसतं, सुरुवातीला दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढत जातो असं सांगतात, त्यामुळे सरळ छाती उघडून ऑपरेशन. वरचा भाग शाबूत असून त्याच्या पुढे फाटलं असेल तर टाइप बी. माझं टाइप बी, डाव्या हाताकडे जाणारी धमनी जिथून फुटते तिथूनच सुरू होऊन पार पोटाच्या खालपर्यंत.

या आजारात किती मोठी माणसं सापडलीयत बघा. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये यानेच गेला, शवविच्छेदनात सापडलं. आणि मायकेल डिबेकी, ज्यांनी पन्नासच्या दशकात या फाटण्याच्या ऑपरेशनची पद्धत बसवली, ज्यांच्या नावाने याचं एक वर्गीकरण चालतं, त्यांनाच २००५ च्या ३१ डिसेंबरला हे झालं, वय ९७. आधी त्यांनी ऑपरेशनला नकार दिला होता, शेवटी २००६ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच पद्धतीने त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले. आयसीयूत एका रेसिडेंट डॉक्टरने मला हे सांगितलं, मला धीर यावा म्हणून असावं, आणि खरं सांगते, आलाही.

आम्ही सगळे ऑपरेशनची वाट बघत होतो आणि सर्जन येऊन म्हणाले, आज ऑपरेशन नाही. घरच्यांचा चेहरा बघण्यासारखा. एवढी मोठी धमनी फाटलीय म्हणता आणि काही करायचं नाही? तर टाइप बी मधे, कुठल्या अवयवाचं रक्त अडलेलं नाही, फुटायची लक्षणं नाहीत, तर पहिला उपचार हा बीपी आणि नाडी खाली आणणं हाच असतो. हे ‘काही न करणं’ म्हणजे काय ते तिथे पडल्यावर कळतं. मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी, जिच्यावर ठोक्याठोक्याला बीपी दिसतं, दुसरीकडून नाडी आणि बीपी दोन्ही उतरवणाऱ्या लॅबेटालॉलची ड्रिप, वरचं बीपी १०० ते १२० च्या मधे आणि नाडी ६० च्या खाली. नाडी कशाला, असं मी विचारलं. तर प्रत्येक ठोक्याला रक्ताचा जो धक्का त्या चिरेवर बसतो तो किती जोरात आणि किती वेळा बसतो, दोन्ही कमी करायचं असतं. आणि क्रमही महत्त्वाचा, आधी नाडी हळू करणारं औषध, मग नळ्या सैल करणारं, कारण उलट केलं तर बीपी उतरतं पण हृदय घाबरून जोरात पळायला लागतं आणि चीर वाढते. दुखणं थांबवायला फेंटानिल, कारण दुखलं की बीपी चढतं. खोकायचं नाही, कुंथायचं नाही, शौचाला सोपं जावं म्हणून औषध, उठून बसायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या बाईला शांत पडून राहा म्हणणं हाच खरा अघोरी उपाय होता.

काही लोकांचं इथेच भागतं, गोळ्यांवर घरी जातात आणि वर्षानुवर्षं नीट राहतात, हे मुद्दाम सांगतेय, डिसेक्शन म्हणजे स्टेंट असं समीकरण नाहीये. माझं भागलं नाही. चार-चार औषधं फुल डोसमधे चालू असून बीपी खाली बसेना, क्रिएटिनीन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) चढायला लागलं, लघवी कमी झाली आणि पाठीतलं दुखणं परत डोकं वर काढायला लागलं. पुन्हा सीटी. खोटी वाट फुगलेली, खरी वाट दाबून चपटी झालेली, आणि सोलून सुटलेल्या आतल्या थराचा पडदा डाव्या किडनीच्या धमनीच्या तोंडावर येऊन बसत होता. किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं अख्ख्या शरीराचंच बीपी पडलंय, मग ती ते वाढवायचे हार्मोन सोडते. म्हणजे डॉक्टर वरून बीपी उतरवतायत आणि माझीच किडनी खालून चढवतेय. याला कॉम्प्लिकेटेड टाइप बी म्हणतात आणि मग मात्र थांबत नाहीत.

आता पर्याय. एक, जुन्या पद्धतीने डाव्या बाजूने बरगड्यांमधून छाती उघडायची, महाधमनीला चिमटा लावायचा, मशीनवर रक्त फिरवायचं, फाटलेला तुकडा काढून कापडी नळी शिवायची. दुसरा, टीवार, म्हणजे जांघेतल्या धमनीतून आतल्या आत जाऊन छातीतल्या महाधमनीत स्टेंट ग्राफ्ट उघडायचा. स्टेंट ग्राफ्ट म्हणजे निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या तारेचा सांगाडा आणि त्याला लावलेलं पॉलिएस्टर किंवा पीटीएफईचं कापड, घडी घालून बारीक नळीत बसवलेला, बाहेरचं आवरण मागे ओढलं की आपोआप उघडतो. हृदयाच्या अँजिओप्लास्टीतला स्टेंट ज्यांनी बघितलाय ते म्हणतात अरे हे तर माहितीय. नाही हो, तो दोन-चार मिलिमीटरचा, हा तीन सेंटिमीटरच्या घरातला आणि मधे जाळीत मोकळी भोकं नाहीत, कापड आहे, कारण काम वाट मोकळी करायचं जेवढं तेवढंच चिरेचं तोंड बंद करायचं.

आमच्या ह्यांनी विचारलं, डॉक्टर, हे नवीन काहीतरी आहे का, प्रयोग वगैरे? तेव्हा सर्जननी सगळा इतिहासच काढला. युक्रेनमधल्या खार्किवला निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्येच छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट बसवला होता, पण बाहेरच्या जगाला बराच काळ पत्ता नव्हता. १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी पोटातल्या महाधमनीसाठी केलं, १९९२ मध्ये स्टॅनफर्डला मायकेल डेक यांच्या टीमने छातीसाठी. आणि डिसेक्शनसाठी १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन टीमचे रिपोर्ट आले, एक अमेरिकेतला, एक जर्मनीतला. म्हणजे प्रयोग नाही.

जोखमीची यादी मात्र त्यांनी गुळगुळीत न करता वाचून दाखवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, तेव्हा राग आला होता तरी. पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो, कारण कमानीत तारा फिरतात आणि तिथूनच मेंदूच्या धमन्या निघतात. कमरेखालचं अंग लुळं पडू शकतं. ग्राफ्टच्या वरच्या टोकाने नवी चीर पडून टाइप बी चं टाइप ए होऊ शकतं. किडनीला डायचा त्रास. जांघेतली धमनी फाटू शकते. लेकीने एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली आणि प्रत्येकीपुढे ‘मग काय करणार?’ असं विचारत गेली. मला वाटलं डॉक्टर वैतागतील, ते उलट खुर्ची ओढून बसले.

आणि मग आला डाव्या हाताचा मुद्दा, ज्याचा मी स्वप्नातही विचार केला नव्हता. ग्राफ्ट टिकायला त्याच्या वरच्या टोकाला साधारण दोन सेंटिमीटर तरी न फाटलेली भिंत लागते. माझी चीर डाव्या हाताच्या धमनीच्या तोंडाशीच, म्हणजे ग्राफ्ट त्या धमनीचं तोंड झाकूनच बसवावा लागणार. हाताला आजूबाजूने रक्त मिळतं बऱ्याचदा, पण त्याच धमनीतून मेंदूच्या मागच्या भागाला एक शाखा जाते आणि मज्जारज्जूलाही थोडं रक्त तिथूनच. (ज्यांची आधी हृदयाची बायपास झालीय आणि छातीतली डावी मॅमरी धमनी वापरलीय त्यांचं तर हृदयच त्या धमनीवर असतं.) म्हणून आधी मानेत, कॉलर बोनच्या वर एक कट घेऊन मानेच्या डाव्या धमनीतून हाताच्या धमनीला कृत्रिम नळीने जोडायचं, म्हणजे कॅरोटिड-सबक्लेव्हियन बायपास, आणि मग ग्राफ्ट. तेव्हा ‘एक टाकाही नाही’ वगैरे जे आम्ही मनात धरलं होतं ते तिथेच संपलं. आता कडेला एक फांदी असलेले ग्राफ्ट आलेत, २०२२ मध्ये अमेरिकेत तसल्या एकाला मंजुरी मिळाली, त्यात योग्य पेशंटला ही मानेची बायपास टळू शकते, माझ्या वेळी तो मार्ग नव्हता.

माप घेणं हा एक वेगळाच सोहळा. सीटीचे मिलिमीटर-मिलिमीटरचे काप कॉम्प्युटरवर जोडून महाधमनी सरळ करून बघतात, कुठे किती रुंद, जांघेतली धमनी किती जाड, वळणं किती. महाधमनीच्या फुगवट्याच्या आजारात ग्राफ्ट भिंतीपेक्षा बऱ्यापैकी मोठा घेतात म्हणे म्हणजे घट्ट बसतो, डिसेक्शनमधे मात्र जेमतेम मोठा, शून्य ते दहा टक्के, कारण भिंत आधीच सोललेली, जास्त ताणली की नवीन फाटणार. त्याच कारणाने आत फुगा फुगवून दाबणंही शक्यतो टाळतात.

ऑपरेशनच्या आधी पाठीत एक बारीक नळी घातली, कमरेच्या मणक्यांच्या मधून, स्पायनल ड्रेन. हे सगळ्यांना घालत नाहीत, माझा झाकायचा भाग लांब होता म्हणून. महाधमनीतून मणक्याकडे बारीक बारीक धमन्या जातात, ग्राफ्टच्या कापडाखाली त्यातल्या काही बंद होणारच, त्यांना पर्याय नाही. मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं थोडं काढत राहिलं की आतला दाब कमी राहतो आणि उरलेल्या धमन्यांतून रक्त सहज पोचतं, अशी ही युक्ती. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडायचं आणि हलायचं नाही, भूलतज्ज्ञ बाई पाठीवर बोटं फिरवत मणके मोजत होत्या आणि सिस्टर समोरून माझे खांदे धरून उभ्या. दुखलं फार नाही. भीती मात्र सगळ्यात जास्त तिथेच वाटली, का कोण जाणे.

पुढचं मी झोपेत, पण नंतर सर्जनना विचारून घेतलं. आधी मानेची बायपास. मग सोनोग्राफीवर बघत दोन्ही जांघांतल्या धमनीत सुई, आणि मोठी नळी घालायच्या आधीच टाके आत तयार ठेवून द्यायचे, शेवटी फक्त ओढून गाठ मारायची म्हणजे जांघ कापावी लागत नाही. ज्या नळीतून ग्राफ्ट जातो ती २४ फ्रेंच, म्हणजे ८ मिलिमीटर जाड, म्हणून हे लागतं. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. मग तार खालून वर कमानीपर्यंत, आणि इथे सगळ्यात नाजूक भाग असा की तार सगळीकडे खऱ्या वाटेतच आहे का, मधेच कुठल्या भोकातून खोट्या वाटेत तर शिरली नाही ना, हे बघायला रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी करतात, तारेवरून एक छोटा प्रोब खालपासून वरपर्यंत ओढत. ग्राफ्ट चुकून खोट्या वाटेत उघडला तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. आणि ग्राफ्ट सोडायच्या क्षणी, हे ऐकून मी डोळेच मिटले, हृदयात घातलेल्या पेसिंगच्या तारेने हृदय काही सेकंद मिनिटाला १८० वगैरेच्या वेगाने पळवतात, इतक्या वेगात ते भरतच नाही त्यामुळे रक्त ढकलू शकत नाही, बीपी धाडकन खाली येतं, आणि वाहत्या रक्ताच्या जोराने ग्राफ्ट पुढे ढकलला न जाता हवा तिथेच उघडतो. पेसिंग बंद, हृदय परत आपल्या चालीवर. डाय सोडून बघितलं, चीर झाकलेली, खरी वाट उघडलेली आणि डाव्या किडनीकडे रक्त धो-धो. पडद्याचा दाबच गेल्यावर किडनीत वेगळा स्टेंट घालायची गरज उरली नाही, काहींना ती पडते.

जाग आली तेव्हा कोणीतरी मोठ्याने म्हणत होतं, पायाची बोटं हलवा. हलवली. परत तासाभराने, परत, रात्रभर, झोप लागली की हलवा. उजवा वर उचला, डावा वर उचला, मी पायाने ढकलते तुम्ही विरोध करा. मी एका सिस्टरना म्हटलं, अहो आत्ताच तर दाखवलं, तर त्या म्हणाल्या, मावशी, लगेच नाही, दोन दिवसांनीसुद्धा पाय जाऊ शकतात, आणि वेळेत कळलं तर बऱ्याचदा परत आणता येतात. त्यानंतर मी न कुरकुरता हलवले.

आणि इथे सगळं उलटं झालं, जे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. इतके दिवस बीपी खाली, अजून खाली चाललेलं, आता मॉनिटरवर आकडा चढवून ठेवलेला, आणि कमी झाला की ते चढवायचं औषध देणार. घरच्यांनी बघितलं आणि धावतच गेले सिस्टरकडे, अहो हिचं बीपी वाढलंय! चीर झाकलीय, आता मज्जारज्जूला रक्त ढकललं जायला दाब हवा, म्हणून मीन बीपी, म्हणजे सरासरी दाब, ९० च्या आसपास ठेवत होते. पाठीतल्या ड्रेनचं पाणीही मोजूनमापून काढायचं, दाब १० च्या आसपास, फार भराभरा काढलं तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे पलंगाची उंची बदलायची तरी आधी सिस्टरना हाक मारून ड्रेन बंद करायचा. नातेवाइकांनी प्रेमाने पलंग वर करून देऊ नये, कृपया. ड्रेन काढायच्या आधी तो बंद करून ठेवून पाय तपासत राहिले, मगच काढला, आणि बीपी हळूहळू परत खाली आणलं.

बाकीचं पटापट सांगते. जांघेसाठी काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडणं, तिथे काळानिळा डाग जो बरेच दिवस रंग बदलत होता. मानेवरची कातडी बधिर, ती अजूनही थोडी आहे. ड्रेन काढल्यावर बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. ताप आला आणि पांढऱ्या पेशी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) सगळं वर, आम्ही घाबरलो की इन्फेक्शन, जंतू शोधायला कल्चर पाठवले, निगेटिव्ह. नवीन ग्राफ्ट आणि आत गोठणारं रक्त यावर शरीराची अशी प्रतिक्रिया येते, आपोआप उतरते, पण इन्फेक्शन नाही हे आधी बघावं लागतं. क्रिएटिनीन उतरत गेलं, लघवी सुधारली.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. माझी महाधमनी जोडली गेलेली नाही. ग्राफ्टने वरचं मोठं तोंड झाकलंय, छातीतल्या खोट्या वाटेत रक्त गोठून ती आक्रसली, सीटीवर छान दिसतं. पण ग्राफ्ट संपतो तिथून खाली, पोटात, पडदा तसाच आहे, छोटी छोटी भोकं तशीच, आणि त्यातून खोट्या वाटेत अजून रक्त खेळतंय. हे ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही, बहुतेक लांब डिसेक्शनमधे असंच असतं, कारण पोटातल्या भागातून आतडी, लिव्हर, किडनीच्या धमन्या निघतात, तिथे सरसकट कापड घालून चालत नाही. म्हणून एक महिना, सहा महिने, वर्ष आणि पुढे दरवर्षी सीटी. कोणी ‘मग आता बरी ना पूर्ण?’ विचारलं की मी बरी आहे म्हणते, ‘पूर्ण’वर गप्प बसते.

माझ्यासारख्यांना विचारण्यासारखा अजून एक प्रश्न म्हणजे कॉम्प्लिकेशन नसलेल्या टाइप बी मधे पुढचा विचार करून ग्राफ्ट घालावा का. यावर इन्स्टेड नावाची १४० पेशंटची ट्रायल आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत जगण्या-मरण्यात फायदा दिसला नाही, पण पाच वर्षांचे आकडे २०१३ मध्ये आले त्यात महाधमनीमुळे होणारे मृत्यू ग्राफ्टवाल्यांत ६.९ टक्के आणि नुसत्या औषधवाल्यांत १९.३ टक्के होते. म्हणून काही डॉक्टर निवडक पेशंटला सुरुवातीची धामधूम ओसरल्यावर, साधारण दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या मधे सुचवतात. माझ्या वॉर्डात एक काका होते, त्यांनी हे सगळं ऐकून औषधंच पुरे म्हटलं, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही ते मान्य होतं. दोन्ही रस्ते शहाण्या माणसांचे आहेत.

घरी आल्यावरचं आयुष्य म्हणजे मुख्यतः बीपी. गोळ्या कमी झाल्या पण बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी हळू करणारी गोळी, कायमचा. चालणं हवंच, श्वास रोखून जड उचलणं बंद, भरलेली बादली मला कोणी उचलू देत नाही आणि याबाबतीत मी अजिबात तक्रार करत नाही. एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, सिप्रोफ्लॉक्सासिन, लीव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला की ज्यांना महाधमनीचा फुगवटा आहे किंवा धोका आहे त्यांना दुसरा पर्याय असेल तर ती देऊ नयेत. लघवीच्या इन्फेक्शनला सर्रास लिहितात ती. मी पर्समधे ग्राफ्टच्या कार्डाला चिठ्ठीच लावून ठेवलीय, एमआरआय करायचं झालं तरी ते कार्ड दाखवावं लागतं.

घरच्यांच्या तपासण्याही सांगितल्या, कारण हे काही घराण्यांत असतं, मार्फान, लोयस-डीट्झ वगैरे धमनीची भिंत कमकुवत करणारे जन्मजात आजार नसले तरी. भावाचा एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला, लेकीचाही. भावाने ‘झालं, सुटलो’ म्हणून फाइल कपाटात टाकली, तेव्हा लेकीने मामाला सुनावलं की एको परत कधी करायचा ते विचारलंस का, आणि बीपी शेवटचं कधी बघितलंस. त्याला दोन्ही माहीत नव्हतं. आता आमच्याकडे बीपीचं मशीन आहे त्यावर तोही हात ठेवतो, आधी उजवा, मग डावा. माझ्या पोटातल्या भागाचं माप मागच्या वेळी होतं तेवढंच आलंय, साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे जायला लागलं तर पुढच्या ऑपरेशनचं बोलू म्हणालेत, त्यापासून मी बरीच लांब आहे, पुढचं सीटी ठरलेल्या महिन्यात.